वरचा खण, खालचा खण

हारालाम्ब तुदोसिये हा प्रकाशक दोनच प्रसंगी डोक्यावरची हॅट काढी: मयताला गेला म्हणजे आणि फी कमी करून घ्यायची असली म्हणजे. त्या सकाळी तो देस्पिना कालोता यांच्या दारात हॅट हातात धरून उभा राहिला, आणि त्याच्या ओळखीत त्या आठवड्यात कुणी गेलं नव्हतं.

"फीचं नंतर बोलू," देस्पिनाबाई म्हणाल्या. "काय हरवलंय?"

"चर्च."

कोपऱ्यात कॉफी ढवळत बसलेले तितूभाऊजी हसले. ते बाईंचे धाकटे दीर, निवृत्त भूगोलशिक्षक. वहिनींच्या प्रत्येक तपासात ते बरोबर असत, फक्त चार पावलं मागे. "साहेब, बुखारेस्टात चर्च हरवणं ही काय बातमी आहे? आपल्या डोळ्यांदेखत किती हरवली. काही तर चालत गेली."

"त्या चालत गेलेल्यातलंच एक. कागदाचं." तुदोसियेने खुर्ची ओढली. "ऑक्टाव्हियान ब्रेझ्यानूचं नाव ऐकलंय? कागदात घरं बांधणारा दुसरा तसा माणूस देशात नाही. त्याचं पॉप-अप पुस्तक काढतोय मी, 'चालत गेलेलं शहर'. पान उघडलं की जुनी गल्ली उभी राहते. पट्टी ओढली की ती झोपते, आणि तिच्या जागी सिमेंटचे उंच ब्लॉक उभे राहतात. असं सगळं शहर, पानापानांत. आणि शेवटून दुसरं पान म्हणजे पुस्तकाचा जीव. त्याच्या घरामागचं छोटं चर्च, सरकारी पाडापाडीच्या वर्षांत रुळांवर चढवून ब्लॉकांच्या मागे सरकवलेलं. पट्टी ओढली की दोऱ्यावर सरकत सरकत जातं. मी स्वतः पाहिलंय. हसू नका, मी रडलो होतो."

"तुम्ही?"

"थोडा. सोमवारी डमी, म्हणजे हाताने केलेली नमुना प्रत, छापखान्यात जायची आहे, आणि ते पान गायब. बुधवारी ऑक्टाव्हियान दिवसभर इस्पितळात होता, गुरुवारी सकाळी डमी उघडली तर पान नाही."

"दुसरं कापून घ्या."

तुदोसियेने हॅट गुडघ्यावर ठेवली. "त्याचे हात थरथरायला लागलेत, बाई. गेल्या शरदात कापलं ते पान, हात धड असताना. आराखडा नाही, त्याचा आराखडा बोटांतच असतो. एक जुनी कोरी, बिनरंगाची डमी आहे, पण तिच्यातलं चर्च नुसतं उभं राहतं, चालत नाही. त्याचं म्हणणं, ते पान नाही तर पुस्तक नाही. आणि दुसरं पुस्तक त्याच्या हातून आता होणार नाही. तेही त्याला माहीत आहे, मलाही."

फी कमी करण्याची गोष्ट त्याने काढलीच नाही. देस्पिनाबाईंनी हे मनातल्या मनात त्याच्या जमेच्या बाजूला मांडलं.

"संशय कुणावर?"

"रंग भरणारी इलिंका. मुखपृष्ठावर नाव बारीक छापतोय म्हणून माझ्याशी भांडली. सोमवारपर्यंत पान मिळालं नाही तर तिला काढणार, आणि का काढली ते सगळ्या प्रकाशकांना सांगणार."

"आणि तुम्ही? ते पान हाताने जोडायला सगळ्यात महाग पडणार असेल."

"ते काढून टाक असं मी एकदा म्हणालो होतो," तुदोसिये म्हणाला. "रडण्याच्या आधी."

ब्रेझ्यानूंचं घर ऐंशीच्या दशकातल्या त्या भिंतीसारख्या लांबलचक ब्लॉकमध्ये, चौथ्या मजल्यावर. स्वयंपाकघराच्या खिडकीतून खाली अंगणात ते चर्च दिसतं, आईने पदराआड लपवलेल्या पोरासारखं. रस्त्यावरून जाणाऱ्याला ते आहे हेसुद्धा कळत नाही. म्हणून तर वाचलं.

ऑक्टाव्हियानने हात काखेत दाबून धरले होते. साठी उलटलेला, बारीक, फारसं न बोलणारा माणूस. बोलली ती आई, आग्रिपिना. वय अठ्ठ्याऐंशी, आणि डोळ्यांना उजेड आहे की अंधार एवढाच हिशेब उरलेला. पाहुण्यांचे कोट तिने हातात घेतले, आणि तितूभाऊजींचा कोट खुंटीवर गेलाच नाही.

"बटण लोंबतंय तुमचं. बायको नाही वाटतं?"

"होती," भाऊजी म्हणाले.

"मग बसा. या घराशेजारची गल्ली होती ना, तिथे तीस वर्षं कपडे शिवले मी. गल्ली गेली, सुई राहिली." तिने जिभेने दोरा ओला केला, बोटाच्या पेरावर सुईचं नेढं धरलं आणि एका फटक्यात ओवून टाकला. बटण लावून झाल्यावर दोऱ्याचे दोन वेढे, एक उलटा टाका, आणि मिरीच्या दाण्याएवढी गाठ. "ही सुटत नाही. कोट फाटेल, गाठ सुटायची नाही."

भिंतीवर दोन मुलांचा फोटो होता. भाऊजींना फोटो पाहून प्रश्न विचारायची शिक्षकी सवय.

"धाकटा हा तावी, इथे बसलाय तो," आग्रिपिना म्हणाली, फोटोकडे न बघता. "थोरला दोरू. त्या काळात सरहद्दीवरची डॅन्यूब नदी पोहून देशाबाहेर गेला. ऑस्ट्रियात असतो. ईस्टरला फोन येतो त्याचा. नेमकी मी झोपलेली असते तेव्हाच येतो, तावीच घेतो."

"कसा आहे?"

"तावी म्हणतो बरा आहे. लाईन खराब असते."

ऑक्टाव्हियान उठला आणि त्याने गॅस बंद केला. गॅस पेटवलेलाच नव्हता.

"बुधवारी दुपारी कोण आलं होतं, आजी?" देस्पिनाबाईंनी विचारलं.

"कुणी नाही. इलिंका सकाळी व्हार्निश लावून गेली. मग जिन्यातल्या तारा बदलायला माणसं आली आणि संध्याकाळपर्यंत वीज घालवून बसली. मला काय, माझी वीज गेलेलीच असते."

"आणि संध्याकाळी?"

"संध्याकाळी जत्रा," ऑक्टाव्हियान म्हणाला. "मी आलो, मागोमाग वीज आली. शेजारचे इंजिनियर व्हालेरियू आले, आम्ही इथे सोंगट्या खेळलो. तुदोसिये कराराचे कागद घेऊन आले. इलिंका विसरलेला ब्रश न्यायला आली. तिघंही कामाच्या खोलीवरून गेले-आले. खोलीला कुलूप नसतं."

"पुस्तक तुम्ही आईंना दाखवलं होतं?"

उत्तर आईने दिलं. "कोरी डमी दिली होती हातात. सगळी पाहिली मी, बोटांनी. प्रत्येक पुस्तक देतो. हे रंगीत मात्र दिलं नाही. आठ दिवस म्हणतोय, ओलं आहे."

"ओलंच होतं, आई."

"असेल बाबा. एवढा ओला रंग नव्हता पाहिला कधी."

कामाची खोली म्हणजे मूळची साठवणीची खोली. उन्हाने कागद पिवळा पडतो म्हणून तिची खिडकी ऑक्टाव्हियानने विटांनी बुजवून टाकली होती. दिवा लावला नाही तर स्वतःचा हात दिसत नसे. टेबलावर डमी, शेजारी नव्या पात्याचा कटर, दिव्याची मान वाकवून ठेवलेली.

देस्पिनाबाई बराच वेळ डमीवर वाकून राहिल्या.

"भाऊजी, काय दिसतं?"

"पान कापून नेलंय."

"कापलंय का?"

भाऊजींनी चष्मा लावला. पान पुठ्ठ्याच्या कण्याला कापडी पट्टीने शिवलेलं असतं. पट्टीची एक कड मोकळी होती, पण कातरलेली नव्हती. टाके एकेक करून काढले होते.

"उसवलंय," भाऊजी म्हणाले.

"धारदार कटर हाताशी असताना. आणि हे पाहा, उरलेल्या दोऱ्याचं टोक. चोर पान घेऊन गेला आणि जाता जाता बाकीचं पुस्तक उसवू नये म्हणून गाठ मारून गेला."

"सभ्य चोर."

"आता हे घुमट पाहा. आणि हे छप्पर, ही चिमणी." व्हार्निशवर बोटांचे पुसट ठसे उठले होते, सुरुवातीच्या पानांपासून. जिथे काही उभं होतं तिथे तिथे. "तुम्ही पुस्तक चाळता तेव्हा बोट कुठे लावता?"

"कोपऱ्याला."

"कोपरे स्वच्छ आहेत."

भाऊजींनी मान हलवली. समजल्यावर ती ज्या वेगाने हलते, त्याहून ही बरीच सावकाश हलली.

शेल्फवर कोरी डमी होती. देस्पिनाबाईंनी तिच्यातलं चर्चचं पान उघडलं. पांढरं शुभ्र चर्च उभं राहिलं, आणि दाराशी मेणबत्त्यांची छोटी लोखंडी पेटी, तीही कागदाची. आपल्याकडे प्रत्येक चर्चच्या अंगणात असते तशीच: वरचा खण जिवंतांचा, खालचा मेलेल्यांचा. ज्याच्यासाठी लावायची तो जिथला, तिथे लावायची. लहान मूलही इथे चुकत नाही. चुकलं तर आजी हातावर मारते.

"ही घरची मंडळी," दारातून ऑक्टाव्हियान म्हणाला. "प्रत्येक पुस्तकात कुठेतरी ठेवतो. वर आम्ही तिघं, मी, आई, दोरू. खाली बाबा."

जोंधळ्याएवढ्या ज्योतींच्या चार कागदी काड्या. वर तीन, खाली एक.

"हरवलेल्या पानावरही अशाच?"

"हो," तो म्हणाला, आणि हात पुन्हा काखेत गेले.

निघताना देस्पिनाबाईंनी घर पाहायला मागितलं. "तुदोसियेसाहेबांनी काल सगळं पालथं घातलंय," आग्रिपिना म्हणाली. "पिठाचा डबासुद्धा. या, माझी खोली बघा." कपाट उघडून तिने खालच्या फळीवर हात ठेवला. पांढऱ्या चादरीत बांधलेलं गाठोडं. "हे माझे जायचे कपडे. झगा, रुमाल, मोजे, टॉवेल. सगळं तयार आहे, फक्त मीच तयार व्हायची राहिलेय."

भाऊजींनी छातीवर क्रूस काढला आणि एक पाऊल मागे सरले. जिवंत बाईच्या मरणाच्या कपड्यांना हात लावणं अपशकुनाचं, हे भूगोलाच्या शिक्षकालाही ठाऊक असतं.

"तुदोसियेंनी हेही उघडलं?"

"त्याची काय छाती आहे," म्हातारी म्हणाली.

इलिंका चाळिशीची, बोटांना कायम निळा रंग, आणि राग नाकाच्या शेंड्यावर. तिने त्यांना ब्लॉकच्या दारातच गाठलं.

"मीच चोर ना? लिहून घ्या. स्वतःचीच कामं चोरते मी, हौस आहे."

"व्हार्निश कधी लावलं?"

"बुधवारी सकाळी, शेवटचा हात. तीन-चार तास चिकट राहतं, मग दगड. संध्याकाळी ब्रश न्यायला आले तेव्हा मुखपृष्ठाला बोट लावून पाहिलं, खडखडीत. आत बघितलं नाही. बघितलं असतं तर आज तुमच्यासमोर उभी राहून शिव्या खाल्ल्या नसत्या."

"शिव्या तुम्हीच देताय."

इलिंकाला हसू आलं, आणि त्यामुळे डोळे भरून आले. "बाई, मला त्या तुदोसियेचा राग आहे, पुस्तकाचा नाही. त्या पानावरची शेवटची रेघ मारली तेव्हा सरांनी माझा हात धरला होता. थरथरत होता त्यांचा. म्हणाले, आता हे तुझ्या हातून गेलं पाहिजे. एकेक वीट रंगवलीय मी. पेटीतल्या मेणबत्त्यासुद्धा, वरच्या दोन, खालच्या दोन, भिंगाखाली. असं काम कुणी पळवतं का?"

इंजिनियर व्हालेरियू पंचाहत्तरीचा, ताठ, कॉलरला इस्त्री. प्रश्न विचारण्याआधीच उत्तर देऊन मोकळा होणारा.

"हो, मला ते पान नको होतं. त्याच्यावर मी आहे. लाल टोपी घालून, दुर्बिणीतून गल्ली मोजतोय. सगळी वस्ती ओळखील. तावीला म्हटलं, मला काढ. मी घरं पाडली नाहीत, मोजली."

"मोजून झाल्यावर पाडली," भाऊजी म्हणाले.

"आणि मोजलं नसतं तर चर्चही पाडलं असतं. ते रूळ काय आपोआप आले?" त्याने कॉलर नीट केली. "तावीच्या आईच्या शिवणाच्या दुकानाचीही मापं मीच घेतली. आता दर रविवारी तिला हाताला धरून चर्चला नेतो. एवढंच परत करता येतं मला."

"बुधवारी दुपारी कुठे होतात?"

"जिन्यात, तारा बदलणाऱ्यांच्या डोक्यावर बसून. मी लक्ष दिलं नाही तर उलट्या जोडतात. चौथ्या मजल्यावर कुणी चढलं नाही, कुणी उतरलं नाही. पण दुपारचं कशाला विचारता? त्या खोलीत दुपारी मांजराला दिसलं नसतं."

अंगणात मेणबत्त्या विकणारी बाई मफलर गुंडाळून बसली होती. चर्चच्या पायथ्याशी अजून जुन्या रुळांची खूण आहे, गवतात गेलेली. देस्पिनाबाईंनी एक मेणबत्ती घेतली आणि खालच्या खणात लावली. ती भाऊजींच्या थोरल्या भावासाठी होती.

"ब्रेझ्यानूंच्या आजी येतात का इथे?"

"दर रविवारी, इंजिनियरसाहेबांबरोबर. वर एक लावतात, मोठ्याने म्हणतात, 'माझ्या दोरूसाठी'. सगळ्या अंगणाला ऐकू जातं. मग साहेब फाटकाशी सिगारेट ओढायला गेले की चाचपून खाली लावतात. दोन. एक नवऱ्याची असणार. दुसरी कुणाची ते आपण कसं विचारायचं?"

"आणि मुलगा?"

"तो मधल्या वारी येतो, एकटा. तोही खालीच लावतो. दोन."

परतीच्या वाटेवर भाऊजी म्हणाले, "वहिनी, माझ्या मते प्रकाशक."

"तुमच्या कोटावर पुरावा शिवलाय, भाऊजी, आणि तुमच्या मते प्रकाशक."

भाऊजींनी कोटाकडे पाहिलं. त्यांना बटण दिसलं.

चोर सापडला की देस्पिनाबाईंची चाल झपाझप होते, हा भाऊजींचा अनुभव. त्या दिवशी ती जड झाली होती.

शनिवारी दुपारी सगळे ब्रेझ्यानूंच्या स्वयंपाकघरात जमले. ईस्टरच्या आधीचे उपासाचे दिवस, म्हणून टेबलावर घेवड्याचं वाटण, कांदा आणि पाव. कुणी हात लावला नाही.

"सांगून टाका," तुदोसिये म्हणाला. "इलिंका समोर आहे."

"इलिंका निर्दोष आहे. तुम्हीही, इंजिनियरसाहेबही. तुम्ही तिघं संध्याकाळी आलात. तेव्हा व्हार्निश वाळलेलं होतं, आणि चोराच्या बोटांचे ठसे ओल्या व्हार्निशवर आहेत. म्हणजे पान दुपारी गेलं."

"दुपारी वीज नव्हती," व्हालेरियू म्हणाला.

"तीच तर गंमत. वीज नव्हती म्हणून प्रत्येकाने दुपार सोडून दिली."

"मोबाईलचा उजेड असतो की," भाऊजी म्हणाले. चार पावलं मागे असले तरी वाट त्यांची बरोबर होती.

"असतो. पण उजेड असलेल्या माणसाला ओलं व्हार्निश चकाकताना दिसतं. तो पान कोपऱ्याला धरून उलटतो, छपरं चाचपत बसत नाही. समोर पडलेला कटर उचलतो. या माणसाने प्रत्येक पान घुमटाला, चिमणीला हात लावून वाचलं. हवं ते पान सापडल्यावर टाका टाका उसवला, नासधूस होऊ नये म्हणून उरलेल्या दोऱ्याला गाठ मारली. दोन वेढे, एक उलटा टाका, मिरीएवढी गाठ. कोट फाटेल पण सुटायची नाही अशी."

भाऊजींचा हात आपोआप बटणावर गेला. सगळ्यांनी तिकडे पाहिलं, एका माणसाखेरीज. तिला दिसत नव्हतं.

देस्पिनाबाई आजींकडे वळल्या. "पुढचं ऐकायला एवढी माणसं लागत नाहीत. बाकीच्यांनी बाहेर गेलं तरी चालेल."

"बसू द्या त्यांना," आग्रिपिना म्हणाली. "इतकी वर्षं दारं लावूनच राहिलो आम्ही. मी नेलं पान. का नेलं ते तुम्ही सांगा. तुम्ही जास्त नीट सांगाल."

"कोऱ्या डमीत पेटीच्या वरच्या खणात तीन मेणबत्त्या आहेत, खाली एक," देस्पिनाबाई हळू म्हणाल्या. "रंगीत पानावर इलिंकाने वर दोन रंगवल्या, खाली दोन. मध्ये एक माणूस वरून खाली आला. ऑक्टाव्हियान, तुम्ही मला म्हणालात, तशाच आहेत. तेवढं एकच खोटं तुम्ही बोललात. आणि आठ दिवस आईला पुस्तक दिलं नाहीत, कारण तिची बोटं तेवढं वाचतात. पण बुधवारी आजींना अंधारात सगळी दुपार मोकळी मिळाली."

ऑक्टाव्हियानने हात काखेतून काढले. ते टेबलावर थरथरत पडून राहिले, आणि त्याने ते लपवले नाहीत.

"आई, तो पोचलाच नाही. काठाजवळ..."

"माहीत आहे मला."

"कधीपासून?"

"त्याच्याबरोबर पोहलेला तो पावेल, तुरुंगातून सुटला तेव्हा आधी दुकानात आला. मी मशीनवर होते. त्याने सांगितलं, आणि मी पायडल मारत राहिले, बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून. मग त्याला शपथ घातली, तावीला कळता कामा नये. थोरल्याशिवाय जेवायचा नाहीस तू."

"मला म्हणाला, आईला सांगणार नाही अशी शपथ घे."

"चांगला माणूस," आग्रिपिना म्हणाली. "दोन्हीकडे शपथा वाटून गेला."

खिडकीखाली चर्चची घंटा वाजली, संध्याकाळच्या प्रार्थनेची.

"ते फोन..." ऑक्टाव्हियान म्हणाला.

"मी झोपलेली नसायचे. पडून ऐकायचे. पलीकडे कुणी नाही तरी तू किती छान बोलायचास. त्याला कोट घे म्हणून सांगायचास, थंडी आहे म्हणून." तिने टेबलावर हात सरकवत नेला आणि त्याचे थरथरणारे हात शोधून काढले. "घरात एकाने तरी त्याला जिवंत ठेवायला हवं होतं. मला वाटायचं, तू आशेवर बोलतोस, म्हणून मी तुझ्यासाठी ठेवतेय. बुधवारी मेणबत्ती खाली लागली हाताला, तेव्हा कळलं, तू माझ्यासाठी ठेवत होतास. म्हणजे तो कुणाकडेच नव्हता, तावी. एवढी वर्षं."

"हे पुस्तक शेवटचं आहे, आई. छापलं की तसंच राहणार. त्याला खोट्या जागी ठेवून हात थांबवावेसे वाटेनात."

"मला कळतंय ते. पण छापलं असतंस तर आणून दिलं असतंस एक दिवस. मग मला रडावं लागलं असतं तुझ्यासमोर, आणि तू बघितलं असतंस की मला नवीन काही कळलेलं नाही."

ती उठली. तिच्या खोलीतून कपाटाचा आवाज आला. परत आली तेव्हा छातीशी पांढरं गाठोडं होतं. तुदोसियेने नजर दुसरीकडे वळवली. गाठ सोडून तिने झगा बाजूला केला, रुमाल, मोजे, आणि त्यांच्या मधून सपाट झोपलेलं चर्च काढलं. एक कोपराही दुमडलेला नव्हता.

"माझ्याबरोबर जाईल म्हटलं. त्याला कुठे पुरलंच नाही ना कुणी."

व्हालेरियू उभा राहिला, खिडकीशी गेला आणि पाठ करून थांबला. थोड्या वेळाने तिकडूनच म्हणाला, "तावी, लाल टोपी राहू दे. कुणी ओळखलं तर ओळखू दे."

पान त्याच टेबलावर परत बसलं. आई शिवत होती, कारण मुलाला सुई धरवत नव्हती. मुलगा पान धरत होता, कारण आईला रेघ दिसत नव्हती. इलिंकाने दोघांच्या मध्ये दिवा धरला. शेवटी पेटीपाशी आल्यावर आग्रिपिनाने नखाने खालची एक मेणबत्ती हळूच सोडवली. ती तळहातावर घेऊन मुलाकडे केली.

"हिला डिंक लावू नकोस."

"कुठे ठेवू मग?"

"दोन्ही खणांना बारीक चीर दे. पानामागे एक खिसा कर, त्यात ठेव. ज्याचं पुस्तक त्याने ठरवावं."

तुदोसियेचा धंदा एवढ्या वेळाने जागा झाला. "आजी, सुटा तुकडा पोरांच्या हातून हरवणार. तक्रारी येतील."

"हरवू दे," आग्रिपिना म्हणाली. "ज्याला सापडेल तो ठेवील कुठेतरी."

तुदोसियेने वाद घातला नाही. जाताना दारात त्याने इलिंकाला विचारलं, नाव मुखपृष्ठावर किती मोठं हवंय. तिने बोटांनी माप दाखवलं. त्याने हॅट काढली, पण या खेपेलाही सवलत मागितली नाही.

ईस्टरच्या सोमवारी देस्पिनाबाई आणि भाऊजी ब्रेझ्यानूंकडे गेले. टेबलावर लाल अंडी होती. आग्रिपिनाने रिवाजाप्रमाणे आपलं अंडं भाऊजींच्या अंड्यावर आपटलं आणि त्यांचं फोडलं. भाऊजी म्हणाले, मी दरवर्षी हरतो. वहिनी म्हणाल्या, ते सांगायला अंडं कशाला लागतं.

सकाळी मायलेक चर्चला जाऊन आले होते, पहिल्यांदाच बरोबर. व्हालेरियू फाटकापाशी थांबला होता, पण सिगारेट त्याने पेटवली नव्हती. मेणबत्त्यांची बाई नंतर सांगत होती, आजींनी या वेळी वर काही लावलं नाही आणि मोठ्याने काही म्हटलंही नाही. दोघांनी मिळून खाली दोनच लावल्या. दुसरी कुणी लावायची म्हणून थोडी ओढाताण झाली. शेवटी एकाच्या हातावर एकाचा हात ठेवून लावली.

कॉफी झाली. फोन भिंतीवर आपल्या जागी गप्प होता. आग्रिपिनाने अंड्याची लाल टरफलं तळहाताने एका ठिकाणी गोळा केली.

"या वर्षी फोन नाही आला, तावी."

"नाही, आई."

"बरं झालं," ती म्हणाली. "लाईन फार खराब असायची."